परसातली तंबाखू : पेरणीआधीची तयारी

घराच्या परसात तंबाखूच्या निरनिराळ्या जाती लावायच्या असतील, तर आधी जागा पक्की करावी आणि मगच बियाण्याच्या शोधाला लागावे, कारण या पिकाची बरीच दुखणी चुकीच्या शेजारातून सुरू होतात. तंबाखू ही वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांच्याच कुळातली वनस्पती आहे. कोल्हापुरात ज्या घराला परस आहे तिथे दोन वांग्याची आणि चार मिरचीची झाडे असतातच, त्यामुळे मोकळी दिसेल तिथे तंबाखू लावली की एकाचा रोग दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी मी टोमॅटोच्या वाफ्याला लागूनच तंबाखूची रोपे लावली होती. महिन्याभरात दोन्हींच्या पानांवर फिकट हिरवे आणि गडद हिरवे चट्टे उमटले, कोवळी पाने सुरकुतली आणि दोन्ही वाफे मुळासकट उपटावे लागले. तेव्हापासून भाजीपाला परसाच्या एका टोकाला आणि तंबाखू दुसऱ्या टोकाला, मधे पाणी वाहून जाईल असा चर, ही मांडणी मी मोडलेली नाही. ज्यांच्याकडे एवढी जागा नाही त्यांनी तंबाखूसाठी मोठ्या कुंड्या घेऊन त्या गच्चीवर ठेवाव्यात आणि भाजी खाली राहू द्यावी.

हा चट्ट्यांचा रोग ज्या विषाणूमुळे होतो, तो विज्ञानाने ओळखलेला पहिला विषाणू होय. रशियाचे शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांनी १८९२ साली आणि नेदरलँड्सचे बायेरिंक यांनी १८९८ साली त्याच्यावर केलेल्या प्रयोगांतून विषाणू या कल्पनेचा पाया घातला गेला, आणि ते प्रयोग तंबाखूच्या पानांच्या रसावरच झाले होते. परसाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्याला पसरायला मावा किंवा पांढरी माशी लागत नाही. हात, खुरपे, कपडे यांच्या स्पर्शाने तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, आणि वाळलेल्या तंबाखूतही तो दीर्घकाळ टिकून राहतो. म्हणून परसात खुरपणीला येणाऱ्या माणसाने नुकतीच चुना लावून तंबाखू मळलेली असेल, तर त्याने आधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत, हे त्याला न संकोचता सांगावे. पुनर्लागणीच्या, म्हणजे वाढलेली रोपे वाफ्यातून काढून कायमच्या जागी लावण्याच्या, दिवशी मी साय काढलेल्या दुधाची एक वाटी जवळ ठेवतो आणि प्रत्येक जातीची रोपे हाताळण्याआधी बोटे त्यात बुडवतो; दुधाने या विषाणूचा संसर्ग कमी होतो.

जागा ठरल्यावर कोणत्या जाती लावायच्या ते ठरवावे. माझ्या मते चार पुरेत, आणि त्या एकमेकींशी काही नाते सांगणाऱ्या असाव्यात. पहिली अर्थातच निपाणीची विडी तंबाखू, म्हणजे निकोटियाना टॅबॅकम. गुलाबी फुलांची, देठ नसल्यासारखी खोडाला बिलगलेल्या लांबट पानांची. दुसरी निकोटियाना रस्टिका, जिची पाने गोलसर, जाड आणि स्पष्ट देठाची असतात, फुले आखूड आणि हिरवट पिवळी असतात, आणि जिच्या पानात निकोटिनचे प्रमाण सर्वसाधारणपणे पहिलीपेक्षा बरेच जास्त असते. गुजरात आणि उत्तरेकडे हिला ‘विलायती’ आणि टॅबॅकमला ‘देशी’ म्हणतात. खरे तर दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या आहेत. परंतु दख्खनची या पिकाशी ओळख जुनी आहे हे नक्की, कारण १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने त्याच्या दरबारात तंबाखू नेली ती विजापूरहून. तिसरी निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस, अर्जेंटिनाकडची, पुरुषभर उंच होऊ शकणारी, लांब नळीची पांढरी फुले झुंबरासारखी खाली सोडणारी. चौथी निकोटियाना अलाटा, म्हणजे संध्याकाळी उमलून सुवास देणारी बागेतली शोभेची तंबाखू.

या निवडीमागे एक कारण आहे. निपाणीची जी तंबाखू आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो, ती हजारो वर्षांपूर्वी दोन रानटी जातींच्या संकरातून जन्माला आली, आणि त्यातली मातेच्या बाजूची जात ही सिल्व्हेस्ट्रिसच्या पूर्वजांपैकी मानली जाते. सिल्व्हेस्ट्रिसची गुणसूत्रे २४ आहेत, तर टॅबॅकमची ४८, कारण तिने दोन्ही आईबापांचा संपूर्ण वारसा घेतला. ही दोन झाडे परसात शेजारी शेजारी उभी राहिली की पानाची ठेवण आणि फुलाची नळी पाहून ते नाते डोळ्यांना दिसते. माझा या लागवडीचा हेतू तेवढाच आहे. माझ्या परसातले एकही पान खाण्यासाठी किंवा ओढण्यासाठी नाही, आणि या झाडाने काय केले आहे ते आपल्या भागात घरोघरी ठाऊक असल्यामुळे ते स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

व्हर्जिनिया, म्हणजे सिगारेटसाठी लावल्या जाणाऱ्या तंबाखूच्या वाटेला जाऊ नये. १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्यानुसार तिच्या उत्पादकाला मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि परसासाठी तिच्यात असे वेगळे पाहण्यासारखेही काही नाही.

बियाण्याबाबत मात्र घाई करू नये. तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे भरतात, त्यामुळे चिमूटभर बी म्हणजे सबंध परसाला पुरून उरेल एवढी रोपे. विडी तंबाखूचे बी कागल किंवा निपाणी भागातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागावे. बियाण्यासाठी राखलेल्या झाडाची दोन बोंडे त्याने दिली तरी काम होते. शोभेच्या जातींची पाकिटे घेताना सावध राहावे. एका रोपवाटिकेतून मी पांढऱ्या सुवासिक अलाटाचे म्हणून आणलेले बी प्रत्यक्षात लाल आणि गुलाबी संकरित फुलांचे निघाले. ती फुले दिवसा उघडी राहत होती, दिसायला सुरेख होती, पण सुवास जवळजवळ नव्हता. तेव्हा घेतानाच जातीचे पूर्ण नाव आणि फुलाचा रंग विचारावा, आणि उत्तर मोघम आले तर पाकीट परत ठेवावे.

मातीचे काम मे महिन्यात संपले पाहिजे. तंबाखूच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपे तयार करण्याच्या वाफ्यासाठी, आपल्याकडे जुनी पद्धत राब भाजण्याची आहे. पालापाचोळा आणि काटक्या वाफ्यावर जाळल्याने तणाचे बी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मरतात. शहरात शेजाऱ्यांच्या नाकाशी धूर करणे योग्य नाही, म्हणून वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद अंथरावा, कडा मातीने दाबून टाकाव्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाच-सहा आठवडे तसाच तापू द्यावा. तरव्याचा गादीवाफा जमिनीपासून वीतभर उंच हवा. माती पोयट्याची, तीत चाळलेले जुने शेणखत आणि वाळू मिसळलेली असावी, कारण नुसत्या काळ्या मातीवर पावसाने कवच धरले की हे बी वर येऊ शकत नाही. शिरोळ आणि हातकणंगले भागात जिथे जमीन क्षारपड झाली आहे किंवा विहिरीचे पाणी मचूळ आहे, तिथे कुंडीतच लावावे आणि पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. पालाश द्यायचे झाल्यास म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे, कारण तंबाखूला क्लोराइड मानवत नाही.

पेरणी जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात करावी. बी कोरड्या बारीक वाळूत किंवा चाळलेल्या राखेत मिसळून फेकावे, हाताच्या तळव्याने हलके दाबावे आणि त्यावर माती मुळीच लोटू नये. या बियाण्याला उगवताना उजेड लागतो. वर भाताचे तूस किंवा काडाचा अगदी विरळ थर द्यावा, आणि पावसाच्या थेंबांचा मार बसू नये म्हणून वाफ्यावर बांबूच्या कमानी करून त्यावर जुनी मलमल ताणावी. झारीचे तोंड बारीक भोकांचे असावे. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते आणि तिथूनच खरी काळजी सुरू होते, कारण दाट उगवलेली रोपे कोल्हापूरच्या जुलैमधल्या संततधारेत बुडाशी सडून एका रात्रीत आडवी होतात. त्यावर इलाज म्हणजे विरळणी आणि हवा. तरीही रोपे कोलमडू लागलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात झारीने द्यावे, एवढी पुडी आधीच आणून ठेवावी. रस्टिकाला थंडी मानवते, म्हणून तिचा तरवा आपल्याकडे सप्टेंबरअखेर टाकणे मला अधिक योग्य वाटते, आणि अलाटाही त्याच सुमारास पेरली तर हिवाळ्याच्या संध्याकाळी फुलते.

सहा ते सात आठवड्यांचे, पेन्सिलीइतक्या जाड खोडाचे रोप पुनर्लागणीला तयार समजावे. ऑगस्टच्या उत्तरार्धात पावसाचा जोर ओसरल्यावर, संध्याकाळी, सरीच्या वरंब्यावर लावावे. विडी तंबाखूला सर्व बाजूंनी तीन फूट, सिल्व्हेस्ट्रिसला अडीच आणि अलाटाला दीड फूट अंतर द्यावे. या झाडाच्या मुळांना साचलेले पाणी एक दिवसही सोसत नाही. पाने एकाएकी लोंबू लागली तर पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालण्याची चूक हमखास होते, म्हणून आधी चर मोकळा आहे का ते पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची तयारी, आणि ती झाडांची नसून आपल्या हातांची आहे. निकोटिन मुळांत तयार होते, तिथून पानांत जाऊन साठते, आणि ते पाण्यात विरघळते. पान पावसाने, दवाने किंवा आपल्याच घामाने ओले असताना उघड्या कातडीला घासले, तर ते कातडीतून शरीरात उतरते आणि मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या बायकांना हा त्रास ठाऊक असतो, पण परसात हौसेने काम करणाऱ्याला त्याची कल्पना नसते, आणि ज्याला तंबाखूची सवय नाही त्याला तो जास्त जाणवतो. म्हणून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कामानंतर लगेच वेगळे धुवायचे कपडे यांची सोय रोपे लावण्याआधी असावी, आणि पान वाळल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही असा घरात दंडक असावा. त्रास सुरू झाला तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि पाळीव जनावरे यांना या वाफ्यापासून पूर्ण दूर ठेवावे; माझ्याकडे त्यासाठी कमरेइतक्या उंचीची जाळी आणि कडीचे दार आहे. तंबाखूच्या पानांचा काढा करून भाजीवर फवारण्याचा सल्ला अजूनही कोणी कोणी देतात. तो मानू नये, कारण तो काढा फवारणाऱ्याला विषारी आहे आणि मिरची-टोमॅटोला वर सांगितलेला विषाणू देण्याचा तो धोकादायक मार्ग आहे.

किडींमध्ये पाने खाणाऱ्या अळीची अंडी पानाच्या मागे तांबूस केसाळ पुंजक्यात असतात. सकाळी पान कोरडे झाल्यावर ते पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकले की फवारणीची वेळ सहसा येत नाही. बंबाखूकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहावे. हिरवेपणा नसलेली, तंबाखूच्या मुळांवर जगणारी ही परोपजीवी वनस्पती फिकट कोंबाच्या रूपाने झाडाच्या बुडाशी वर येते, आणि तिच्या एका कोंबावर हजारो बिया तयार होऊन वर्षानुवर्षे मातीत राहतात. शेतातून आणलेल्या मातीतून ती परसात शिरू शकते, म्हणून बी आणावे, पण रोपे मातीसकट आणू नयेत. कोंब दिसताच, फूल येण्याआधी, तो उपटून जाळून टाकावा.

शेताप्रमाणे शेंडा खुडण्याची इथे गरज नाही, कारण आपल्याला फुले आणि बी हवे आहे. फक्त विडी तंबाखूच्या एका झाडाचा शेंडा खुडून पाहावा, म्हणजे पाने कशी जाड आणि रुंद होत जातात आणि बगलेतून फुटवे किती जोमाने येतात ते समजते. हंगाम संपल्यावर खोडे आणि पाने भाजीच्या खतखड्ड्यात टाकू नयेत, वेगळा खड्डा आधीच खणून ठेवावा.

शेवटची तयारी सुईदोऱ्याची आहे. अलाटा सोडली तर बाकीच्या तीन जाती बहुतांशी स्वपरागित असल्या तरी मधमाश्या आणि संध्याकाळचे लांब सोंडेचे पतंग काही प्रमाणात संकर घडवतात, आणि चार जाती एका परसात असताना पुढच्या वर्षीचे बी शुद्ध हवे असेल, तर कळ्या उमलण्याआधीच या तिघींच्या फुलोऱ्यावर पिशवी बांधली पाहिजे; अलाटा सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही, म्हणून तिला नुसती पिशवी उपयोगाची नाही. जुन्या मलमलीच्या वीत रुंद आणि दीड वीत लांब पिशव्या, या तिघींसाठी प्रत्येकी दोन याप्रमाणे सहा, नाडी ओवून शिवून ठेवाव्यात. त्यासोबत पत्र्याच्या पट्ट्यांवर खिळ्याने कोरलेली नावे असावीत, कारण शाईने लिहिलेली नावे कोल्हापूरच्या पावसात ऑगस्टपर्यंतही टिकत नाहीत आणि तरव्यातली टॅबॅकम आणि सिल्व्हेस्ट्रिस पाहून वेगळी ओळखता येत नाहीत.