जेवणाच्या टेबलावर ग्राहकाशी वाजलं, तर माफी कशी मागावी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं युनिट आहे, म्हणजे धातूच्या पार्टवर पावडर रंगाचा थर चढवायचा. सगळं जॉबवर्क, पार्ट ग्राहकाचे आणि काम आमचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोठ्या ग्राहकाच्या परचेसच्या साहेबांना मी त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं. सोबत त्यांच्या क्वालिटीतला एक मुलगा होता, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. मी थकलेल्या पेमेंटचा विषय काढला, त्यांनी रिजेक्शनचा, म्हणजे कोटिंगची जाडी बरोबर नाही म्हणून नाकारलेल्या मालाचा; ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मग माझा आवाज चढला आणि मी म्हणाले, "तुमच्या माणसाला मायक्रॉन मोजता येत नाहीत, आणि त्याच्या जोरावर तुम्ही माझे पैसे अडवता." साहेब उठले, हात धुतले, काउंटरवर बिल भरलं आणि निघून गेले. काळ्या मसाल्याचं मटण ताटात तसंच. आमंत्रण माझं होतं आणि बिल त्यांनी भरलं, त्यातच मला काय ते कळलं.

अशी वेळ आली तर त्या रात्री काही पाठवू नका. मी साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर भलामोठा मेसेज लिहिला. वाचून पाहिला तर माफीची एक ओळ आणि बाकी सगळी माझी बाजू. पुसून टाकला. सकाळी एवढंच लिहिलं: "साहेब, काल मी तुम्हाला आणि तुमच्या सहकाऱ्याला जे बोलले ते चुकीचं होतं. भेटून माफी मागायची आहे. सोयीची वेळ सांगा." "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" असं अजिबात लिहू नका. ते वाचणाऱ्याला वाटतं, दोष त्याच्याच हळवेपणाला दिलाय. "रागाच्या भरात" हेही मी काढलं, कारण मग राग आणला कोणी, हा वाद पुन्हा सुरू होतो.

भेटायला रिकाम्या हातानं जा. चिवडा, वाइन, मिठाई काही नको. परचेसमधल्या माणसाच्या टेबलावर पुरवठादाराची पिशवी दिसली की त्यालाच ऑफिसात उत्तरं द्यावी लागतात. महिनाअखेर टाळा, डिस्पॅचच्या घाईत कुणाला दोन मिनिटं नसतात.

केबिनमध्ये मी आधी विचारलं, "त्या मुलालाही बोलावता का?" साहेब माझ्याकडे बघतच राहिले. पण अपमान त्याचा जास्त झाला होता, आणि तोही त्याच्या वरिष्ठासमोर. एकट्या साहेबांची माफी मागून परतले असते तर त्या मुलाच्या वाट्याला काहीच आलं नसतं. तो आल्यावर म्हणाले, "दादा, तुमच्या कामाबद्दल मी जे बोलले ते मला बोलायला नको होतं. मी माफी मागते." मग गप्प बसले. हे गप्प बसणं मला फार जड गेलं. जीभ सारखी "पण" म्हणायला वळत होती. साहेब पाच मिनिटं त्या रात्रीबद्दल बोलले, मी मध्ये तोंड घातलं नाही.

त्या भेटीत पेमेंट काढायचं नाही आणि मायक्रॉनही नाही. याचा अर्थ हक्क सोडायचा, असं नाही. मी माफी मागितली ती माझ्या शब्दांची, बिलाची नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006चा एमएसएमईडी कायदा आहे. लेखी करार असला तरी पैसे चुकते करायची मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे सगळं आठवड्यानंतर, थकलेल्या बिलांची यादी जोडून, साध्या ईमेलनं अकाउंट्सला कळवलं. तिथे आवाज चढवायची गरजच पडत नाही.

मायक्रॉनचं भांडणही वेगळ्या दिवशी मिटवलं. त्यांचा जाडी मोजायचा गेज आणि माझा गेज, दोन्ही एकाच कोटिंग न केलेल्या पत्र्यावर झीरो केले, मग एकाच पार्टवर त्याच जागी रीडिंग घेतले. सपाट भागावर दोघांचे आकडे जुळले. कडेला माझं कोटिंग खरंच कमी भरलं होतं. मुलगा बरोबर होता. मी तिथेच, साहेबांसमोर, तसं सांगितलं.

माफीनंतर लगेच उत्तर येईल असं धरू नका, आणि दुसरा माफीचा मेसेज तर पाठवूच नका. त्यानं समोरच्यावर "ठीक आहे" म्हणायचं ओझं पडतं. मी काम करत राहिले. सुपरवायझरला सांगून कडांचं रीडिंग मालासोबत जाणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरी चलनावर लिहून पाठवायला लागले. तीन चलनं गेली. चौथ्याच्या आदल्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला, "ताई, उद्याची गाडी सकाळी लवकर सोडा, लाइन थांबलीय."