ट्रेलरवर सायकली नेताय? या चुका टाळा, नाहीतर गाडी उलार होईल

कापसाची बैलगाडी भरताना गडी मागच्या बाजूला जास्त गाठोडी टाकू लागला की आमचे आबा धुऱ्यावरून ओरडायचे, “अबे, गाडी उलार होऊन राहिली ना!” मागे वजन वाढलं की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो आणि गाडी कुणाच्याच ताब्यात राहत नाही. हे कळायला आबांना शाळेत जावं लागलं नव्हतं. मला मात्र चारचाकीमागे झोपायचा छोटा ट्रेलर जोडून, त्याच्या शेपटीला दोन सायकली लटकवून, यवतमाळहून चिखलदऱ्याला निघेपर्यंत कळलं नाही. नेर ओलांडून सरळ रस्ता लागला, काटा ७० वर गेला आणि ट्रेलरने माशासारखी शेपटी हलवायला सुरुवात केली.

सायकली पडल्या नाहीत, पक्क्या बांधल्या होत्या. चूक बांधण्यात नव्हती, जागेत होती.

सगळ्यात मोठी चूक: सायकली शेपटीला

दोनच सायकली, त्यांचं वजन ते किती, असं वाटतं. हिशोब करून पाहा. आमचा ट्रेलर सामानासकट ५०० किलोचा. गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या हुकावर त्याचा भार ५५ किलो, म्हणजे ११ टक्के. हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा साधारण नियम आहे. दोन सायकली आणि स्टँड मिळून ४५ किलो. ते टांगले आखापासून, म्हणजे ट्रेलरची चाकं ज्यावर फिरतात त्या कण्यापासून, २ मीटर मागे. आखापासून हूक २.५ मीटर पुढे. म्हणजे हुकावरचा भार ४५ गुणिले २ भागिले २.५, असा ३६ किलोंनी हलका झाला. उरले १९ किलो. एकूण वजन ५४५ झालेलं, म्हणजे साडेतीन टक्के. आबांच्या भाषेत, गाडी उलार.

मग लोक काय करतात? पुढच्या पेटीत पाण्याचे कॅन आणि गॅस सिलिंडर भरून भार परत आणतात. वजनकाट्यावर आकडा बरोबर येतो, पण दुखणं अर्धंच बरं होतं. दोन्ही टोकांना भरलेले हंडे असलेली कावड खांद्यावर घेऊन बघा. एकदा फिरायला लागली की थांबवताना जीव जातो. वजन मधे, चाकांच्या आसपास असेल तर ट्रेलर सहसा झोका घेत नाही, किंवा घेतला तरी लवकर शांत होतो.

भार मोजायला वेगळं यंत्र नको. कापूस मोजायचा प्लॅटफॉर्म काटा गावात कुणाकडे तरी असतोच. सपाट जागी ट्रेलर पूर्ण भरून उभा करा, चाकांना दगड लावा आणि काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचा पुढचा, हुकाला जोडायचा दांडा टेकवा. ठोकळा एवढा घ्या की दांडा गाडीला जोडल्यावर असतो त्याच उंचीवर राहील. उंची चुकली तर आकडाही चुकतो. आणि हुकावर किती किलो चालतात हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघा. पंधरा टक्के बसतात म्हणून गाडी ते पेलेलच असं नाही.

आम्ही शेवटी सायकली ट्रेलरच्या पुढे, दांड्यावर आडव्या उभ्या केल्या. आखापासून दीड मीटर पुढे. आता भार ८२ किलो झाला, १५ टक्क्यांच्या काठावर. वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन पुढच्या पेटीतून मीटरभर मागे, बरोबर चाकांवर आणले, तेव्हा तो ६६ वर उतरला. तेव्हापासून शेपटी हललेली नाही.

पुढे लावण्यातही एक गोम आहे. वळताना गाडीचा मागचा कोपरा सायकलीत घुसतो. मोकळ्या मैदानात एकाला खाली उभं करून दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग कापून बघा, रिव्हर्समध्येसुद्धा. सगळ्यात अडचणीच्या जागी वीतभर तरी अंतर राहू द्या. मागचा दरवाजा उघडतो का तेही तेव्हाच बघा. आमचा उघडत नव्हता आणि जेवणाचे डबे नेमके आत होते.

बंपरवर भरवसा

फॅब्रिकेटरने स्टँड ट्रेलरच्या मागच्या बंपरच्या चौकोनी पाइपला वेल्ड करून दिला होता. “काही होत नाही भाऊ, बैल बांधला तरी निघत नाही.” उभ्या ट्रेलरला बैल बांधायला हरकत नाही, पण आपल्याकडे गावागणिक ब्रेकर आहेत. ट्रेलरचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) कडक, शेपूट आखापासून लांब. चाक फूटभर न उचलता शेपटीला मात्र जोरदार झटका बसतो. परत आल्यावर वेल्डच्या कडेला रंगातून तांबूस रेघ दिसली. ती गंजाची रेघ म्हणजे पाइपला गेलेला तडा. पातळ पाइपवर वेल्ड टिकतो, त्याच्या शेजारचा पत्रा फाटतो.

म्हणून स्टँड ट्रेलरच्या मूळ चासीलाच (खालच्या सांगाड्याला) घ्यायचा, बोल्ट मारून, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) लावून. कारसाठी बनलेला तयार रॅक आणून ट्रेलरला ठोकू नका. अनेक कंपन्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट मना करतात, कारण हेच झटके. स्टँड ट्रेलरच्या मागच्या चौकोनी खाचेत नुसता सरकवला असेल तर तो खडखडतो. ती ढिलाई पाचर किंवा बोल्टने घट्ट करा.

टपावर

ट्रेलर बुटका असेल आणि टपावरची चौकट चासीवर उभी असेल (पत्र्यावर नाही), तर ही जागा चांगली, कारण वजन चाकांवर येतं. पण सायकलीसकट उंची टेपने मोजा आणि कागदावर लिहून समोर चिकटवा. शेतातल्या लोंबत्या तारा, पांदणीवरच्या बाभळी आणि रेल्वेखालच्या मोऱ्या आठवणीवर विसंबून पार होत नाहीत.

बांधण्याच्या बारीक चुका

मोटरसायकलवर सामान बांधायची रबरी हुकवाली दोरी इथे चालत नाही. ती ताणली जाते, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात दोन मोसमांत भुसभुशीत होते. रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा) घ्या, पण कार्बनच्या फ्रेमला तो आवळू नका. दोन्ही चाकं बांधा. पुढचं चाक फ्रेमला स्वतंत्र बांधलं नाही तर हँडल फिरत राहतं आणि शेजारच्या सायकलचा रंग खरवडतं. पेडल काढून ठेवलेली बरी, नाहीतर ती स्पोकमध्ये घुसतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून पाना मोडणारे मी पाहिलेत (एकदा आरशातही). लेडीज सायकलला आडवी दांडी नसते, तिला टांगायच्या स्टँडवर जोड-दांडी लागते. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवा.

धुळीपासून वाचवायला ताडपत्री गुंडाळू नका. वाऱ्यात तिचं शीड होतं. चेनपुरतं जुनं कापड पुरे.

सायकली मागे लावणं टळतच नसेल तर नंबरप्लेट आणि लाल दिवे झाकले जातात का ते बघा, झाकले जात असतील तर दिव्यांची पट्टी सायकलींच्या बाहेर घ्या.

ट्रेलर डोलायला लागलाच तर

ब्रेक दाबू नका. स्टेअरिंग उलटसुलट फिरवून तो सरळ करायला जाऊ नका, तुमचा हात आणि त्याचा झोका कधीच जुळत नाही. वेग वाढवून तो सरळ होतो म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद काढा, स्टेअरिंग सरळ धरा, गाडीला आपसूक मंद होऊ द्या. मग कडेला थांबून वजन हलवा. तसंच पुढे जाऊ नका.

आणि पहिल्या २०-२५ किलोमीटरवर थांबाच. आम्ही प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या पट्टीवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारली आहे. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. नेरच्या टपरीवर चहा येईपर्यंत सगळे नट बघून होतात.