गाठींचा छंद विकायला काढण्याआधी

दोरीला गाठी घालून शोभेच्या वस्तू विणत असाल (मॅक्रमे), तर दोरी, कात्री, टाचण्या तुमच्याकडे असणारच. आधी एक वही घ्या. दोरी कापण्याआधी तिची लांबी मोजा आणि लिहा. मोजा आणि लिहा.

मी लिहिली नव्हती. भिंतीवर लावायच्या १२ पट्ट्यांची ऑर्डर घेतली, अंदाजाने दोरी कापली आणि नवव्या पट्टीची वीतभर वीण बाकी असताना बाहेरच्या दोन्ही दोऱ्या संपल्या. आतल्या दोन मात्र हातभर लोंबत होत्या. चौकोनी गाठीत आतल्या दोऱ्या सरळ खाली उतरतात, बाहेरच्या त्यांना वेढे घालतात. म्हणून बाहेरच्यांना तयार लांबीच्या साधारण चार-पाच पट दोरी लागते. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या हाताला नेमकी किती लागते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. हात सैल असेल तर आकडा बदलतो, दोरीची जाडी बदलली तरी बदलतो. दर वेळी नवी नोंद करा.

घाईने आणलेल्या नव्या रिळाचा पांढरा रंग जुन्यापेक्षा पिवळट निघाला. त्यामुळे एका ऑर्डरची सगळी दोरी एकाच लॉटची घ्या. किती घ्यायची? पुन्हा वहीच बघायची!

सुती दोरी धुतल्यावर आटते, तेव्हा नमुना धुऊन बघा. नायलॉनची टोकं वितळवून बंद होतात, सुताची जळतात. त्यांना दोरा गुंडाळा. टर्क्स हेड (वेणीसारखी विणलेली, कड्यासारखी गोल गाठ) एकाच दोरीत करायची असेल, तर वेणीचे पदर आणि कडेचे वळसे यांच्या संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नको. ३ पदर, ५ वळसे जमतात. ३ आणि ६ नाही. ग्राहकाने माप बदलून मागितलं की हे आधी तपासा, ‘हो’ नंतर म्हणा.

वेळही घड्याळ लावून लिहा, गाठ उसवून पुन्हा घातली तोही. नाहीतर किंमत फक्त दोरीची लागते.

फोटो उजेडात, शेजारी मोजपट्टी. आगाऊ रक्कम घ्या. ऑर्डर स्वीकारताना त्या नमुन्याचं पान कोरं असेल, तर आधी एक नग विणा, लांबी लिहा, मग तारीख द्या. गोंडे विंचरून कागदात गुंडाळा, डब्यात चुरगळतात.