ग्लॅडिओलस : कंद आधी वाळवा, मग भरा (इंदूर, महू, सांवेर, देवास पट्ट्यासाठी फाल्गुन-चैत्राचा सल्ला)

आश्विनात लावलेल्या ग्लॅडिओलसची फुले आता संपत आली आहेत. याच सुमारास गहू, हरभरा, लसूण एकदम काढणीला येतात, मजूर तिकडे वळतात, होळीपासून रंगपंचमीच्या गेरीपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत) तर कुणी हाताशी लागत नाही. कंद जमिनीत पडून राहतात. मग मार्चमध्ये एखादा वादळी पाऊस होतो, घाबरून ओलेच कंद उपटले जातात, युरियाच्या रिकाम्या गोण्यांत कोंबले जातात आणि गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये थप्पीला लागतात. श्रावणात तोंड सोडले की आतून आंबूस वास येतो. वरचे कंद बरे दिसतात, मधले काळे पडलेले असतात, तळाचे हाताला चिकटतात.

दरवर्षी हेच होते, आणि दोष रोगाला किंवा कंद देणाऱ्याला दिला जातो. रोग असतोच. पण पुष्कळ शेतांत बेणे मरते ते न वाळवल्यामुळे. या सल्ल्यातले बाकी काही जमले नाही तरी चालेल, वाळवणी सोडू नका.

कंदाचा स्वभाव

ग्लॅडिओलस आयरिसच्या कुळातला, केशराचा भाऊबंद. आज आपण लावतो त्या मोठ्या फुलांच्या संकरित जातींचे पूर्वज आफ्रिकेतले रानफूल. त्यांतली महत्त्वाची जात ग्लॅडिओलस डॅलेनी. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हाळी पावसाच्या भागात ती गवताळ माळावर पावसात वाढते, फुलते, आणि पाऊस सरला की पाने वाळवून कोरड्या हिवाळ्यात जमिनीखाली झोपते. वाढ ओलीत, झोप कोरड्यात, अशी तिची सवय. माळव्यात आपण ते उलटे करतो. पाणी देऊन हिवाळ्यात वाढवतो, आणि कंद झोपला की पुढे मृग नक्षत्र येते. काळ्या चिकण जमिनीत झोपलेला कंद पावसाळा काढू शकत नाही. म्हणून तो बाहेर काढावाच लागतो, आणि बाहेर त्याला कोरडेपण आपल्यालाच द्यावे लागते.

एक झाड उपटून हातात घ्या. कंद म्हणजे मूळ नव्हे, खोडाचा फुगलेला बुंधा आहे. आश्विनात लावलेला जुना कंद खाली चपटा, सुरकुतलेला, भुरा दिसेल. त्याच्या माथ्यावर नवा कंद बसलेला असेल, आणि दोघांच्या सांध्याभोवती वाटाण्याएवढ्या व त्याहून बारीक कंदिका लागलेल्या असतील. काढणीच्या दिवशी हा सांधा ओला असतो, म्हणजे नव्या कंदाच्या बुडाशी उघडी जखमच. बुरशी आत शिरते ती बहुधा इथून. दोन-तीन आठवडे हवा लागली की सांधा सुकून कडक होतो आणि जुना कंद अंगठ्याने ढकलताच स्वच्छ तुटतो. ओढावा लागला, किंवा तुटल्यावर खाली ओलसर चट्टा दिसला, तर अजून वाळायचा आहे.

आज करायचे काम : रोगट झाडांना खूण

पाने हिरवी आहेत तोवरच हे करता येते, सगळी पाने वाळली की निरोगी आणि रोगट वेगळे ओळखू येत नाहीत. मर लागलेल्या झाडाची पाने शेंड्याकडून अवेळी पिवळी पडतात, झाड खुजे राहते, फुलदांडा वाकडा येतो किंवा येतच नाही. अशा झाडाजवळ काडी रोवा. शक्य असेल तर आजच मातीसकट उपटून शेताबाहेर जाळा. बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका. ही फ्युजॅरियम बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि याच कुळातल्या केशर, फ्रीशिया, आयरिस यांनाही लागते. बंद खोलीत केशर करण्याची हौस सध्या इंदुरात वाढते आहे. ग्लॅडिओलसच्या कंदांच्या खोलीत केशराचे कंद ठेवू नका.

काढणी

फुलदांडा कापताना झाडावर चार पाने राखली असतील तर कंद भरलेला मिळेल. दांडा मुळापासून छाटला असेल तर कंद लहानच राहणार, त्यावर आता उपाय नाही.

फुले काढल्यापासून ६ ते ८ आठवडे थांबा. पाने पिवळी-भुरी होऊ लागली, कंदिका पांढुरक्या न राहता तपकिरी झाल्या की कंद तयार. पाणी काढणीच्या दोन ते तीन आठवडे आधी तोडा. भारी काळ्या जमिनीत तीन आठवडेच धरा. फार वाळली तर ही जमीन विटेसारखी होते आणि कुदळीने कंद कापले जातात. वाफसा असताना, म्हणजे ढेकूळ मुठीत दाबले की भुगा होतो तेव्हा, काढा.

आता पावसाचे. मार्चमधला वादळी पाऊस आणि गारपीट माळव्याला नवी नाही. हवामान खात्याने तीन-चार दिवसांत पावसाचा इशारा दिला आणि फुले काढून सहा आठवडे झाले असतील, तर पाने हिरवट असली तरी काढून घ्या. कंद थोडा कमी भरेल पण वाचेल. सहा आठवडे झाले नसतील तर काढू नका. सऱ्यांची तोंडे फोडून पाणी शेताबाहेर जाईल एवढे करा. पाऊस होऊनच गेला असेल तर चिखलात हात घालू नका, वाफसा येईपर्यंत थांबा. चिखलाने माखलेला कंद वाळत नाही, त्याच्यावर मातीचे कवच बसते आणि आत तो उबतो. लसणाच्या मजुरीसाठी कंद थांबवू नका. लसूण दोन दिवस थांबेल, काढणीला आलेला कंद पावसात थांबणार नाही.

वाळवणी

काढल्याबरोबर पाने कंदाच्या वर बोटभर ठेवून कात्रीने कापा. हाताने पिळून तोडली तर माथ्याचा कोंब दुखावतो. धुऊ नका. कंदावरची तपकिरी पापुद्र्यासारखी साल सोलू नका, तेच त्याचे पांघरूण आहे. कापले गेलेले, खरचटलेले कंद तिथेच बाजूला काढा. साठवणीतली हिरवी-निळी बुरशी जखमेवरच बसते आणि शेजारच्या कंदावर जाते.

मग सावलीत, हवा खेळेल अशा ओसरीत किंवा खोलीत, बांबूच्या चटईवर किंवा भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये पसरा. थर दोन कंदांचा, फार तर तीन. ताडपत्री किंवा प्लास्टिक खाली नको, तळाला घाम धरतो. उन्हात टाकू नका. दुपारच्या उन्हात कंद भाजतात, साल तडकते आणि आत ओल तशीच राहते. पहिले तीन-चार दिवस पंखा दिवसरात्र चालू ठेवा. त्या विजेचे पैसे कुठल्याही औषधाच्या बाटलीपेक्षा जास्त कामाचे. एक दिवसाआड कंद हाताने उलटे करा आणि तसे करताना प्रत्येकाचे बूड पाहा.

दोन ते तीन आठवड्यांनी जुना कंद आणि वाळलेली मुळे तोडा. कंदिका वेगळ्या करा. मग आणखी चार-पाच दिवस पसरून ठेवा, कारण तोडल्यावर नवी जखम झालेली असते. बहुतेकांची चूक इथे होते: जुना कंद तोडला की काम संपले समजून त्याच संध्याकाळी गोणी भरली जाते. भरू नका.

वाळला की नाही याची शेतातली पारख अशी, की मूठभर कंद हातात खळखळवले तर साल कागदासारखी वाजते. आवाज दबका आला तर पंखा पुन्हा लावा. पुस्तकात ही खूण नाही, पण सहसा ती चुकत नाही.

निवड करताना अंगठ्याने बूड दाबा. घट्ट असेल तर ठेवा. बुडाशी लालसर-तपकिरी, खोलगट, वर्तुळाकार डाग असेल तर तो कंद फेका. शंका आली तर दोन-चार कंद मधोमध चिरून पाहा. बुडापासून वर मध्यभागी तपकिरी रेघ गेली असेल तर त्या ओळीचे सगळे कंद वेगळे काढा. ओळखू येत नसेल तर कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा, दुकानात नव्हे. दुकानात कुठल्याही डागावर औषध निघतेच.

बेण्यासाठी ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा कंद उत्तम. व्यास सारखा असेल तर चपट्यापेक्षा उंच, भरीव कंद घ्या. चपटा जुना झालेला असतो, दांडा कमी ताकदीचा देतो.

औषध, आणि विकली जाणारी बाकी औषधे

शिफारस अशी : कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची ५० टक्के भुकटी, २ ग्रॅम प्रति लिटर पाणी, कंद ३० मिनिटे बुडवणे. एकदा काढणीनंतर, एकदा लावणीपूर्वी. १०० लिटरच्या ड्रमला २०० ग्रॅम लागते. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत कंद भरून बुडवा, पाणी गढूळ झाले की बदला, हातमोजे घाला. वर्षानुवर्षे हेच एक औषध वापरू नका. लावणीपूर्वीच्या वेळेला कॅप्टन हे दुसरे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर घ्या.

काढणीनंतरच्या बुडवणीबाबत आमचे मत थोडे वेगळे आहे. आभाळ आले असेल, वीज जात असेल, पंख्याची खात्री नसेल, तर ती बुडवणी सोडा आणि कंद कोरडेच वाळवा. औषधाचे पाणी हेही पाणीच, आणि ते सुकले नाही तर औषधाचा उपयोग शून्य.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लावणीपूर्वी शेणखतात मुरवून द्या : एकरी २ ते २.५ किलो, १०० किलो कुजलेल्या खतात, ओलसर ठेवून आठवडाभर. कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र द्यायला सांगणारे विक्रेते भेटतात. पहिले दुसऱ्याला मारते, तुमचे दोन्हीकडचे पैसे जातात.

‘कंद फुगवण्याच्या’ बाटल्या याच महिन्यात बटाट्याच्या आणि लसणाच्या गावांतून फिरतात. घेऊ नका. कंद फुगतो तो झाडावर राखलेल्या चार पानांनी आणि सहा-आठ आठवड्यांनी. पाने कापल्यावर कुठलेही टॉनिक कंदात उतरत नाही.

पानांचे शेंडे पांढरट-भुरे होऊन वाळत असतील तर दरवेळी तो करपा नसतो. ग्लॅडिओलस फ्लोराइडला हळवा आहे, आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते असते. बुरशीनाशकाच्या तीन-तीन फवारण्या करण्याआधी स्फुरद (फॉस्फरस) कशातून दिला ते आठवा.

साठवण

शीतगृह : ४ ते ५ अंश सेल्सियस, पूर्ण वाळल्यावरच. ओले कंद थंडीत गेले की घामेजतात. या भागात बटाट्याची शीतगृहे आहेत. जाळीच्या पिशव्यांत, थप्पीच्या मधोमध नव्हे तर कडेला, हवा लागेल अशी जागा मागून घ्या. फळे ठेवलेल्या दालनात नको.

घरी : पत्र्याची शेड नको. तळमजल्याची, जाड भिंतींची, उत्तरेकडची खोली. लसूण जसा जुड्या करून वाऱ्यावर टांगता तसे कंदही ४-५ किलोच्या जाळीच्या पिशव्यांत भरून आढ्याला टांगा. क्रेट असतील तर विटांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. मे महिन्यात काही कंद सुरकुततील, ते चालते. आषाढापासून दर आठवड्याला पिशव्या खाली उतरवून हात फिरवा. एक मऊ कंद सापडला तर ती अख्खी पिशवी ओता आणि पुन्हा निवडा. फुलकिडे लागलेला कंद खडबडीत, भुरा आणि चिकट लागतो, तोही काढा. कंदिका वेगळ्या पिशवीत, जातीची चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे.

लावणीची यादी (तपशील भाद्रपदात)

जमीन : निचऱ्याची, आधी ग्लॅडिओलस केलेल्या शेतात ३-४ वर्षे नाही
काळ्या जमिनीत : सरी-वरंबा, कंद वरंब्यावर
वेळ : सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, टप्प्याटप्प्याने
अंतर : ३० × २० सेंटिमीटर, खोली ५ ते ७ सेंटिमीटर
कंद : एकरी ६० ते ६५ हजार
खत : हेक्टरी ३०० किलो नत्र, २०० स्फुरद, २०० पालाश, नत्र २, ४ आणि ६ पानांवर तीन हप्त्यांत
पालाश : माळव्याच्या काळ्या जमिनीत बहुधा पुरेसा असतो, माती तपासूनच
मातीची भर : ३ ते ५ पानांवर
फुलकिडे : ५ टक्के निंबोळी अर्क, दिसताच
तोडणी : खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की, सकाळी लवकर, चार पाने राखून

शीतगृहातून कंद लावणीच्या दोन ते तीन आठवडे आधी आणा. भाद्रपदाच्या दमट हवेत थंड कंदांवर आणल्या आणल्या पाणी सुटते. पिशव्या टेम्पोतून उतरवून तशाच रात्रभर ठेवल्या तर सहा महिने सांभाळलेले बेणे चार दिवसांत बुरशी धरते. त्याच संध्याकाळी पिशव्या मोकळ्या करा, एका थरात पसरा, पंखा लावा. कोंब हरभऱ्याच्या दाण्याएवढे दिसले की लावणीपूर्वीची बुडवणी करा, तासभर सावलीत निथळू द्या आणि त्याच दिवशी लावा.