शेडचा पत्रा गळतोय? आधी डांबराचा डबा खाली ठेवा

मृग लागला की माझा फोन सुरू होतो. "भाऊ, शेड गळून राहिली, आजच माणूस पाठवा." हाच माणूस मार्चमध्ये म्हणाला होता की पावसाळ्याला अजून खूप वेळ आहे. नागपूरच्या हिंगणा, बुटीबोरी, वाडी, कळमना या पट्ट्यातल्या गोदामांवर आणि कारखान्यांवर माझं निम्मं आयुष्य गेलं. तिथे पावसाने केलेलं नुकसान मी पाहिलंय, त्याहून जास्त नुकसान आधीच्या दुरुस्त्यांनी केलेलं पाहिलंय. खाली लिहितोय ते लोखंडी रंगीत पत्र्याच्या शेडबद्दल. स्लॅबची गच्ची हा वेगळा विषय आहे.

कधी करायचं

गळती शोधायची ऑगस्टमध्ये, दुरुस्ती करायची दिवाळीच्या आगेमागे. ते जमलं नाही तर फेब्रुवारी-मार्च. मे महिन्यात नागपूरच्या पत्र्याला हात लावून बघा, म्हणजे कारण सांगावं लागणार नाही. मे शिवाय पर्यायच नसेल तर पहाटे चढायचं आणि साडेनऊला खाली उतरायचं.

वर चढताना

हार्नेस, दोर, शिडी हे सगळं आहे असं धरतो. पाय मात्र स्क्रूच्या ओळीवरच ठेवायचा, कारण तिच्याखाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी लोखंडी पट्टी असते. आणि उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा कुठे आहे ते आतून बघून, खडूने खूण करून मगच चालायचं. चार वर्षांची धूळ बसली की तो बाकीच्या पत्र्यासारखाच दिसतो, आणि माणूस सरळ खाली जातो. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर फळी टाकल्याशिवाय पाय नाही, आणि त्याला ग्राइंडर तर अजिबात लावायचा नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुप्फुसात जाते.

गळती शोधणं

सगळं काम इथेच अडतं. मीही इथेच अडलो होतो.

थेंब जिथे पडतो तिथे छत गळत नसतं. पाणी एखाद्या सैल स्क्रूतून आत येतं, पत्र्याच्या खालच्या अंगाने उतारावर सरकत पर्लिनपर्यंत जातं, मग पर्लिनच्या खोबणीतून आडवं धावतं, आणि जिथे जोड किंवा खळगा सापडेल तिथून टपकतं. खाली बबल शीट (उष्णता अडवणारी फुग्यांची चादर) लावलेली असेल तर विचारूच नका. पाणी तिच्यावर साठतं आणि शिवण सापडेल तिथून धार लागते, कधी भोकापासून पंधरा-वीस फूट दूर.

वाडीतल्या एका गोदामात तिसऱ्या खांबाजवळ पाणी पडायचं. मी वर गेलो, त्या जागेच्या बरोबर डोक्यावरचे सगळे स्क्रू बदलले, सीलंट भरलं, पैसे घेतले. पुढच्या पावसाळ्यात तिथेच पाणी. पुन्हा गेलो, पुन्हा तेच केलं, या वेळी पैसे न घेता. तिसऱ्या वर्षी मालकाने भिजलेली पोती दाखवली, बोलला काहीच नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी पाइप घेऊन वर चढलो. दोन तासांनी सापडलं: वीसेक फूट वर, मोभाकडे, म्हणजे छताच्या सगळ्यात उंच रेषेकडे, चार भोकं. कधीकाळी तिथे डक्टिंग कूलरचा स्टँड होता. कूलर गेला, बोल्ट काढले, भोकांत कुणीतरी एम-सील थापलं होतं. दोन उन्हाळ्यांत ते तडकलं. वरून नुसतं पाहिलं तर राखाडी ठिपके, बाकी काही नाही.

तेव्हापासून मी पाण्याशिवाय निदान करत नाही. पद्धत अशी. आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा करायचा, फोन चालू ठेवायचा. थेंब पडतो ती जागा खांबापासून आणि भिंतीपासून टेपने मोजून कागदावर लिहायची. "इथेच कुठंतरी" चालत नाही, कारण वर गेल्यावर सगळा पत्रा सारखाच दिसतो. मग बागेचा साधा पाइप घ्यायचा आणि उताराच्या खालच्या टोकापासून सुरुवात करायची. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळ्या जोडांवरून वाहत खाली येईल आणि कुठला जोड गळतोय ते कधीच कळणार नाही. एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. आतून होकार आला नाही तर दोन-तीन फूट वर सरकायचं. आधी स्क्रू, मग पत्र्यावर पत्रा चढतो तो जोड, मग भिंतीलगतचं फ्लॅशिंग (सांध्यावर झाकण म्हणून वाकवून बसवलेली पत्र्याची पट्टी), शेवटी मोभ. कंटाळा येतो. कंटाळा आला म्हणून घाई केलेले मिस्त्री पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शेडवर दिसतात.

प्रेशर वॉशर वापरू नका. तो कुठल्याही चांगल्या जोडातून पाणी आत घुसवतो, आणि तुम्ही न गळणाऱ्या जागा दुरुस्त करत बसता. गळती फक्त वाऱ्याच्या पावसात होत असेल तर पाइप आडवा धरून पश्चिमेकडून जोडाच्या तोंडावर मारा. आपल्याकडे पावसाळी वारा त्याच बाजूचा असतो, आणि पत्रे बसवताना जोडाचं तोंड वाऱ्याकडे ठेवणारे महाभाग कमी नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी छतातून पाणी टपकतं म्हणून कुणी बोलावलं, तर वर चढायच्या आधी आत काय साठवलंय ते बघा. रात्रीच्या थंडीने पत्रा गार होतो, संत्री-भाजीसारख्या मालातून निघालेली वाफ त्याला लागून पाणी होते. तिथे सीलंटचा काहीच उपयोग नाही, हवा खेळती ठेवावी लागते.

स्क्रू

४० फुटी पत्र्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर तो सहा मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होतो. उन्हाळाभर रोज हे चालतं. म्हणून भोक लांबटं होतं, वॉशर फाटतो, आणि म्हणूनच डांबर, सिमेंट, एम-सील असलं कडक काही इथे टिकत नाही. "डांबर फासून देतो भाऊ, पाच वर्ष पाहा लागत नाही," असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. डांबराखाली ओल अडकते आणि वरून काळं-तुळतुळीत दिसत असताना खाली पत्रा गंजत राहतो.

सैल स्क्रू पुन्हा आवळू नका, काढून टाका. ५.५ मिमीचा होता तर त्याच भोकात ६.३ मिमीचा घाला, ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराच्या) वॉशरसकट. वॉशर लोखंडी चकतीच्या कडेने किंचित बाहेर डोकावला की थांबायचं. मशीन हातात आली की पोरं तो पार चेपून टाकतात, आणि चेपलेला वॉशर वर्षभरात तडकतो. भोक फारच मोठं झालं असेल तर पत्र्याचा तुकडा खाली सीलंट देऊन रिव्हेटने बसवा.

सीलंट घेताना नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन काचेसाठी ठेवा. त्यातलं आम्ल पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं. न्यूट्रल (आम्ल नसलेलं) सिलिकॉन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सीलंट मागा. काम झालं की ड्रिलचा चुरा झाडून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात पत्रा लाल ठिपक्यांनी भरतो.

जोड

ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, दोन पत्र्यांच्या मध्ये लावायची, वरून नाही. त्यासाठी स्क्रू काढून पत्रा उचलावा लागतो, लोक टाळतात, मग वरून सिलिकॉनची रेघ ओढतात. ती रेघ म्हणजे बिलासाठी.

गटर

१० हजार चौरस फुटांच्या शेडवर १०० मिमी पाऊस पडला तर सुमारे ९३ हजार लिटर पाणी होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला त्या दिवशी, नागपुरात काही तासांतच त्याहून जास्त पाऊस कोसळला. दोन शेडच्या मधलं गटर तुंबलेलं असेल तर ते पाणी सरळ आत उतरतं आणि लोक म्हणतात पत्रा गळला. गटर मेमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा हाताने साफ करा. पिंपळाची पानं, कबुतरांची घरटी आणि संक्रांतीचा मांजा, एवढा ऐवज निघतोच. मांजाचा गुंता पाइपच्या तोंडाशी अडकला की त्यावर कचरा जमतो आणि बूच बसतं. गटराच्या टोकाला काठापेक्षा दोन इंच खाली एक मोकळं भोक पाडून ठेवा, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी बाहेर पडेल.

पांढरा रंग

आत गरम कमी व्हावं म्हणून लावा, गळती थांबावी म्हणून नाही. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या पत्र्यावर, सकाळी.

नंतर

दुरुस्ती झाली की छताचा साधा नकाशा काढून बदललेल्या जागांवर तारीख टाका. मग शिडीला कुलूप लावा आणि किल्ली चौकीदाराकडे नाही, स्वतःच्या टेबलात ठेवा. कूलरवाला, केबलवाला, सोलरवाला, कॅमेरेवाला, जो वर जाईल त्याने आधी वहीत नाव लिहायचं, आणि उतरल्यावर किती भोकं पाडली तेही.