सर्व्हरमध्ये कुणी शिरलं, तर फिर्यादीआधी हे हाताशी ठेवा

धरणगावची जिनिंग असो, जळगावातली पतसंस्था असो की रावेरच्या केळी व्यापाऱ्याची गादी, सिस्टीममध्ये बाहेरचं कुणी शिरल्याचं कळलं की पहिला फोन कॉम्प्युटरवाल्याला जातो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भो, फॉरमॅट मारी टाक." तेवढं मात्र करू नका. घुसणाऱ्याच्या खुणा त्याच डिस्कवर असतात.

आधी नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय तोडा, पण मशीन सुरू राहू द्या. चालू प्रोग्राम आणि बाहेरच्या जोडण्या मेमरीत असतात, लाइट गेली की त्या जातात. म्हणून सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी आजच तपासा. केबल काढूनही डोळ्यांदेखत फाइली लॉक होत असतील, तर मशीन बंद करा आणि वेळ लिहून ठेवा. स्क्रीनचे फोटो मोबाइलने काढा. पैसे गेले असतील, तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आता साक्षीदार. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद, सांगतो की अमुक युजरच्या नावाने, अमुक आयपीवरून (यंत्राच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून), रात्री अमुक वाजता लॉगिन झालं. त्या वेळी खुर्चीवर कोण होतं, हे लॉग सांगत नाही, ते माणसंच सांगतात. ज्या ऑपरेटरने गडबड पहिल्यांदा पाहिली, त्याच्याकडून त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: काय दिसलं, किती वाजता, त्याने कोणतं बटण दाबलं, कुणाला सांगितलं. मॅनेजरने भाषा सुधारून देऊ नये, उलटतपासणीत ती उसनी भाषा उघडी पडते. पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता, हे खरं लिहा. चार जणांना माहीत असेल तर चौघांची नावं. रात्रीचा वॉचमन, हजेरीपट, गेटचं रजिस्टर, सगळं लागतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर जुनं रेकॉर्डिंग पुसत जातो, तेव्हा फुटेज लगेच उतरवा. त्याचं घड्याळ पुढेमागे असेल, तर दुरुस्त करण्याआधी मोबाइलच्या वेळेशी किती फरक आहे ते नोंदवा.

राउटर, फायरवॉल, सर्व्हर, एनीडेस्कसारखं रिमोट सॉफ्टवेअर, सगळ्यांचे लॉग वेगळ्या ड्राइव्हवर काढा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. इंटरनेट कंपनीकडच्या नोंदी पोलीस मागवतील, पण त्या जपून ठेवा असं पत्र तुम्ही लगेच द्या आणि पोच घ्या.

डिस्कची नक्कल जाणकाराकडूनच करून घ्या, राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण) लावून. नक्कल झाली की एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या डेटाचा आकडे-अक्षरांतला ठसा, काढून कागदावर उतरवा. पुढे एक अक्षर जरी बदललं तरी हॅश जुळत नाही. डिस्क कुणी काढली, कुणाला दिली, सील कधी केली, याची एकच वही ठेवा.

मग इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात द्यायचं प्रमाणपत्र. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं हे प्रमाणपत्र दोन भागांचं असतं: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्यातही, कलम ६५ब खाली, ते लागायचं. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलं. मानाची सही म्हणून चेअरमनला पुढे करू नका. जो यंत्र खरंच सांभाळतो, त्यानेच सही करावी, कारण पिंजऱ्यात प्रश्न त्यालाच विचारतील.

फिर्याद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली होते. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी करतो, म्हणून शक्यतो थेट जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नुकसानीची बिलं आणि बंद पडलेल्या कामाचा हिशोब वेगळ्या फायलीत ठेवा.

पंचांसाठी पोलिसांनी नावं विचारली, तर कापसाच्या हंगामापुरती आलेली माणसं सुचवू नका. खटला उभा राहायला वर्षं लागतात. प्रत्येक साक्षीदाराचा गावाकडचा कायमचा पत्ता आणि घरच्या एखाद्याचा नंबर घ्या. ऑपरेटर नोकरी सोडून सुरतेला किंवा पुण्याला गेला, तर नवा पत्ता त्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.