शॉवरमधून मध्येच कढत पाणी येतंय? गीझर बदलायच्या आधी हे बघा

मागच्या डिसेंबरमध्ये बाबा अंघोळीला गेले होते, आईने दुसऱ्या बाथरूममध्ये फ्लश केला आणि आतून बाबांची अशी आरोळी आली की मी हातातला चहा टाकून धावलो. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे गेलेले, पटकन बाजूला होता येत नाही, त्यात डोळ्यांवर साबण, बंद करायला म्हणून नॉब फिरवला तो पण गरमच्याच बाजूला. खांद्यापासून पाठीपर्यंत लालबुंद झालं होतं. प्लंबर आला, न बघताच म्हणाला गीझर बदला साहेब. बदलला नाही ते बरं केलं, कारण गीझर ठणठणीत होता, घोळ मिक्सरमध्ये होता, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळात.

तर पहिलं काम म्हणजे पाणी मोजा. हाताला कळत नाही आणि तापाचा थर्मामीटर ४२-४३ च्या पुढे जातच नाही, किचनचा काडीवाला डिजिटल थर्मामीटर आणा. गीझर पूर्ण तापू द्या, गीझरवरचा दिवा विझला की फक्त गरम नळ सोडा, अर्धा मिनिट वाहू द्या, नंतर एक मग भरून त्यात काडी बुडवा. ६० डिग्रीच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदात खोलवर पोळते, ५५ ला अर्धं मिनिट, ५० ला काही मिनिटं मिळतात. पोरांची कातडी पातळ म्हणून त्यांना याहून कमी वेळ, आणि शुगरवाल्यांच्या पायाला तर पोळतंय हेच कळत नाही. आमच्याकडे ६८ निघालं! गीझरचा तापमानाचा डायल मागेपुढे करून ५० च्या आसपास आणलं. डायल बाहेर नसेल तर खालच्या कव्हरच्या आत असतो, पण ते एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डवरचा गीझरचा स्विच) पाडून आणि शक्यतो इलेक्ट्रिशियनकडूनच.

आता मिक्सर. फ्लश केला की टाकी भरायला थंड पाणी ओढलं जातं, थंडाचं प्रेशर पडतं, गरमाचं तेवढंच राहतं, आणि डोक्यावर कढत पाणी. वॉशिंग मशीन लावलं तरी तेच. एकाने शॉवर सोडून उभं राहायचं (अंगावर नाही, हात लांब ठेवून), दुसऱ्याने फ्लश करायचा, थर्मामीटरवर फरक बघायचा. दोनतीन डिग्री ठीक, दहा-बारा चढलं तर काहीतरी करायलाच हवं. तोपर्यंत घरात नियम, कोणी अंघोळीला असेल तर फ्लश आणि मशीन बंद, आमच्याकडे अजून ओरडून सांगतात.

दुसरी टेस्ट मला फार आवडली. गीझर तापलेला असताना बेसिनचा थंड नळ सोडा. सुरुवातीला कोमट पाणी आलं तर गरम पाणी मिक्सरमधून थंडाच्या पाईपात घुसतंय. हँडशॉवरचं बटण दाबून पाणी बंद करायचं आणि मिक्सरचे दोन्ही नॉब तसेच उघडे ठेवायचे, या सवयीने पण हेच होतं. आमचा तर कार्ट्रिजच (मिक्सरच्या आतला, पाणी कमीजास्त करणारा भाग) गेला होता, उघडला तर आत पांढरा थर, सोसायटीत वर्षानुवर्षे टँकर आणि बोअरिंगचं पाणी, मग क्षार बसणारच. महापालिकेचं तलावाचं पाणी त्या मानाने मऊ. कार्ट्रिज नवा टाकला आणि मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारे) बसवले, दोन तासांचं काम. जुना कार्ट्रिज बरोबर घेऊन दुकानात जा, नुसतं तोंडी सांगून मिळत नाही. सिंगल लिव्हर, म्हणजे एकाच दांडीचा मिक्सर असेल तर हँडलखाली बऱ्याचदा दातेरी रिंग असते, ती फिरवून गरमची बाजू किती उघडायची ते बांधता येतं, प्लंबरला सांगा, त्यांना माहीत असतं पण कोणी करत नाही.

थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप सांभाळणारा, घ्यावा का? ३८ ला लॉक होतो, थंड पाणी गेलं तर गरम पण तोडतो, म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात चांगला. पण त्याला प्रेशर लागतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप), म्हणजे टाकीच्या लगेच खाली वरच्या मजल्यावर राहात असाल तर ०.३ बार पण कठीण, तिथे पंपाशिवाय तो नीट चालत नाही. महाग वस्तू घेऊन मग वैतागायचं, त्यापेक्षा आधी कंपनीच्या कागदावर किमान प्रेशर वाचा.

एप्रिल-मेमध्ये अजून एक गंमत, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं थंड पाणीच दुपारी तापलेलं असतं, मग सकाळच्या खुणेवर नॉब ठेवून अंघोळ केली तर पाणी गरमच येणार. त्या दिवसांत दुपारी गीझर लावूच नका.

बाथटब आपल्याकडे फार कमी, पण बाळाचा प्लास्टिकचा टब घरोघरी असतो आणि बालदी तर आहेच. आधी थंड, मग गरम, हा क्रम सोडायचा नाही. कोपर बुडवून बघा, ३७-३८ पुरे. टबात पोर बसवून वरून नळ सोडायचा नाही, आणि नळ त्याच्या हाताला लागेल अशा बाजूला तर मुळीच नको.

एवढं करूनही पोळलंच तर नळाखाली वाहतं गार पाणी पूर्ण २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चेहरा, हातपाय, सांध्याजवळचं किंवा फोड आलेलं असेल, किंवा लहान मूल असेल तर घरी बसू नका, १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल, नवी मुंबईत ऐरोलीला भाजलेल्यांसाठी वेगळं नॅशनल बर्न्स सेंटर आहे. आई त्या दिवशी हळदीचा डबा घेऊन आलीच होती, तिला दारातच थांबवलं.